मिशीच्या केसाचे वजा चिन्ह

मी एक जुने झेरॉक्सचे यंत्र आहे, मित्रांनो, आणि मला माणसांची किळस येते. वस्तूने असे बोलू नये, हे मला कळते. छत्री, पेन, शाळेचा बाक ही मंडळी आपली कहाणी सांगतात तेव्हा कशी हळवी होऊन सांगतात. मला ते जमणार नाही. ज्याच्या तोंडावर वर्षानुवर्षे येणारा-जाणारा शिंकून गेला, त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. तरीही शेवटपर्यंत ऐका. माझ्या आयुष्यात एक मुलगी आली होती आणि तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्याला टोपी आणि हाताला मोजे घालून काम करत. माझी काच बसवली तेव्हा ती बसवणाऱ्या कामगाराने श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घेतला होता. मला तेव्हा वाटले, जग असेच असते. सगळे जण असेच तोंड बाजूला करून श्वास घेत असतील.

पहिली नोकरी मला एका कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाली. ग्रंथपालबाई स्वभावाने कडक होत्या, पण रोज सकाळी आल्या की पर्स ठेवायच्या आधी मऊ फडक्याने माझी काच पुसत. बोटांचे ठसे दिसले की "कुणाचे हे पंजे?" असे सगळ्या ग्रंथालयाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत. माझ्या प्रती पाहून लोक म्हणत, "मूळ कागद कुठला आणि झेरॉक्स कुठली, कळतच नाही." ते ऐकून मी आतून गरम होत असे. तसे मी कामाच्या वेळी गरम होतेच, पण हे वेगळे.

त्याच ग्रंथालयात मी बीजगणित शिकले. काच हेच माझे डोळे. त्यावर जे पालथे पडते ते मी वाचते. निवृत्तीला आलेले एक प्राध्यापक दर आठवड्याला सरावाची उदाहरणे घेऊन येत. त्यात समीकरणे असत आणि असमानताही असत, म्हणजे दोन बाजू सारख्या नसून एक दुसरीपेक्षा मोठी किंवा लहान असते, ती उदाहरणे. त्यांच्या कागदावर फक्त प्रश्न असत. उत्तर कधीच नसे. एकदा ग्रंथपालबाईंनी विचारले, "सर, मागे उत्तरं का नाही देत?" ते म्हणाले, "उत्तर त्यांनी काढायचं आणि प्रश्नात परत घालून बघायचं. जुळलं तर बरोबर. मला विचारायला यायची गरजच काय?" मला हे फार आवडले. मुलांना आवडले नसावे, कारण सरांचे ते कागद मी पुढे कितीदा तरी कचऱ्याच्या टोपलीत पाहिले.

मग ग्रंथालयात नवे यंत्र आले आणि मला अडगळीच्या खोलीत ढकलले. तिथे मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीने मी धूळ खात पडले. माझ्या कागदाच्या कप्प्यात उंदरांनी संसार थाटला. त्याचे वर्णन मी करणार नाही, तुमची जेवणे झाली असतील. शेवटी कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर दुकान टाकलेल्या एका माणसाने मला विकत घेतले. तो माझा मालक.

मालक वाईट माणूस नव्हता. तसा असता तर त्याचा तिरस्कार करून मी मोकळे झाले असते. तो होता गबाळा. दुकानात एकच फडके होते. त्यानेच कपबशा पुसायच्या, त्यानेच मानेचा घाम पुसायचा आणि आठवण झाली तर त्यानेच माझी काच पुसायची. मालकीणबाई शिवणकाम करत. दुपारी डबा घेऊन आल्या की ते फडके दोन बोटांच्या चिमटीत धरून लांब करत आणि म्हणत, "हे जाळा तरी, नाहीतर ह्याला जेवायला तरी वाढा. घरातलंच झालंय आता ते." मालक हसत. फडके जागच्या जागी राही.

गिऱ्हाईक तर त्याहून वरताण. तेलकट खाल्लेल्या हातांनी झाकण उचलायचे. अंगठा जिभेवर ओला करून पाने उलटायची आणि तोच अंगठा माझ्या काचेवर टेकवायचा. थंड पेयाची बाटली माझ्या डोक्यावर ठेवून गप्पा मारायच्या. परीक्षेच्या दिवसांत मुले उत्तरे बारीक करून घ्यायला येत, मुंगीएवढ्या अक्षरांत. ते चिटोरे मोज्यात लपवून परीक्षेला जायचे, आणि पेपर झाला की तेच मोज्यातले चिटोरे पुढच्या पाळीतल्या मित्रासाठी आणखी एकदा काढून न्यायला माझ्या तोंडावर आणून ठेवायचे. झुरळांनाही माझी ऊब आवडे. रात्री ती आत शिरत, आणि सकाळी मी गरम झाले की जो वास सुटे तो मालकांना कधीच आला नाही. पण या सगळ्याहून मला अधिक शिसारी कशाची येत असे, सांगू? मालकांच्या मिशीची. दुकानात आरसा नव्हता. माझे झाकण उघडले की काळसर काचेत चेहरा छान दिसे. गिऱ्हाईक नसले की मालक छोटी कात्री घेऊन माझ्यावर वाकत आणि मिशी कातरत. कातरलेले केस माझ्या डोळ्यांत पडत. मग फुंकर. फुंकरीने अर्धे उडत, अर्धे तिथेच राहत.

अशा दुकानात त्यांची लेक दुपारी येऊन बसू लागली. अंगाने लहानखुरी, म्हणून तिला सगळे बिट्टी म्हणत. ती समोरच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, आणि दुसऱ्यांदा होती, कारण बीजगणितात ती नापास झाली होती. तिला पुढे नकाशे काढायचे शिक्षण घ्यायचे होते, रस्त्यांचे, पुलांचे, गावाच्या पाण्याच्या वाटांचे. त्यासाठी हा विषय सुटणे भाग होते. मालकांनी तिला सरळ सांगितले होते, "ह्या वर्षी सुटला तर शिक. नाही सुटला तर शिक्षण बास. दुकान सांभाळ. मलाही कुणीतरी हवंच आहे."

बिट्टी माझ्या शेजारी कागदांच्या खोक्यावर बसून गणिते सोडवी. वाया गेलेल्या झेरॉक्सचे पाठकोरे कागद हीच तिची वही. ती हुशार होती असे मी म्हणणार नाही. चिन्हांशी तिचे पूर्वजन्मीचे वैर असावे. पद एका बाजूहून दुसऱ्या बाजूला नेताना वजाचे अधिक करायचे हे ती दहा वेळा विसरे. असमानतेला ऋण संख्येने भागले की चिन्हाचे तोंड उलट फिरते, मोठ्याचे लहान होते, हे तर तिच्या डोक्यात बसता बसेना. पण तिच्यात एक गोष्ट होती. उत्तर आले की ती थांबत नसे. आलेला आकडा मूळ प्रश्नात घालून बघे. जुळला नाही की तोंड कडू औषध घेतल्यासारखे करी, कागद उलटा करी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. त्या निवृत्त प्राध्यापकांनी तिला पाहिले असते तर बरे झाले असते, असे मला कितीदा वाटले.

कॉलेजात बीजगणित शिकवायला एक मॅडम होत्या. दर आठवड्याला त्या सरावपत्रिका देत, सोडवून आणायला सांगत आणि त्याचे गुण वर्षाच्या निकालात धरत. आता जिथे गुण आहेत तिथे धंदाही असणारच. समोरच्या माडीवर एक गृहस्थ शिकवणी घेत. त्यांना सगळे फटाफट सर म्हणत. मॅडमची पत्रिका हाती पडली की ते संध्याकाळपर्यंत सगळी उदाहरणे सोडवून मालकांकडे आणून देत. मालक त्याच्या प्रती काढत आणि दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग लागे. मुले प्रत घेत, दुकानाला लागून असलेल्या जिन्यात बसत, मांडीवर धरून वहीत उतरवत. उतरवताना गप्पा चालत, गाणी चालत, एकजण तर फोनवर भांडत भांडत उतरवी. कागदावर काय लिहिले आहे हे त्या रांगेत कोणी वाचत नसे. फक्त हात चालत. मला त्यांची आणि माझी तुलना करावीशी वाटे. मी यंत्र असून वाचत होते.

बिट्टी ती प्रत कधी घेत नसे. बाप-लेकीत त्यावरून एकदाच बोलणे झाले.

"घरातलं आयतं आहे," मालक म्हणाले. "एक ठेव की तुझ्यासाठी बाजूला."

"उतरवलं तर परीक्षेत काय करू, बाबा? तिथे येणार आहात का तुम्ही मशीन घेऊन?"

मालक हसले आणि विषय संपला.

एकदा असे झाले. एका मुलाने झाकण उघडून माझ्या काचेवरच बाटली ठेवली. तिच्या बुडाचे गोड, चिकट पाणी काचेवर सांडले आणि वाळले. मालकांनी ते पाहिले, "पुसतो नंतर" म्हणाले आणि कात्री घेऊन मिशी कातरायला बसले. एक लहानसा, ताठ, काळाभोर केस त्या चिकट डागावर पडला आणि आडवा चिकटून बसला. फुंकर मारली, तो हलला नाही. इतक्यात फटाफट सर घाईघाईने आले. "लवकर काढा हो, पोरं थांबलीत." मालकांनी कागद ठेवले आणि बटण दाबले.

मला सगळे दिसत होते. असमानतेचे एक उदाहरण होते:

5x − 7 > 2x + 5

सरांनी दोन पायऱ्यांत ते उरकले होते. पहिली पायरी 3x > 12. दुसरी x > 4. बरोबर होते. पण तो केस नेमका त्या तीनच्या पुढ्यात आला. माझ्या पोटातून प्रती बाहेर पडू लागल्या आणि प्रत्येक प्रतीवर स्वच्छ, सुबक, ठसठशीत छापले जाऊ लागले: −3x > 12, म्हणून x > 4.

मित्रांनो, ओरडता आले असते तर मी ओरडले असते. मिशीचा केस गणितात शिरला होता.

दुसऱ्या दिवशी रांग लागली आणि गठ्ठा जवळजवळ संपला. दुपारी बिट्टी आली. उरलेल्या प्रती नीट लावताना तिची नजर त्या ओळीवर गेली. तेच उदाहरण तिने आदल्या दिवशी सोडवले होते.

"बाबा, हा वजा कुठून आला?"

"कुठला वजा?"

तिने सरांचा मूळ कागद काढला. त्यात वजा नव्हता. मग तिने माझे झाकण उचलले आणि वाकून पाहिले. नखाने तो केस खरवडला, बोटावर घेतला आणि बापासमोर धरला. मालकांचा हात आपोआप मिशीकडे गेला.

"सगळ्यांकडे हे चुकीचं गेलंय," ती म्हणाली. "त्यांना सांगायला हवं."

"कोण वाचतंय, बिट्टे? एवढीशी रेघ ती."

"रेघ नाही, वजा आहे. वजा तीनने भागलं तर चिन्ह उलटतं. इथे उलटलेलं नाही. x पाच घालून बघा. वजा पंधरा काय बारापेक्षा मोठे असतात का?"

"मला कशाला विचारतेस? मी काय गणिताचा मास्तर आहे? आपण नुसतं काढून देतो."

तिने साबणाचे पाणी आणले आणि माझी काच स्वच्छ धुतली. ग्रंथालय सुटल्यापासून माझ्या तोंडाला पहिल्यांदा साबण लागला. मग ती जिन्यात बसलेल्या मुलांकडे गेली आणि म्हणाली की त्या ओळीत वजा नाही, तो कागदावरचा डाग आहे. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. एकजण म्हणाला, "नापास झालेली आम्हाला शिकवणार आता." सगळे हसले. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती परत येऊन खोक्यावर बसली आणि बराच वेळ तिने पेन उचलले नाही. जिन्याच्या कडेला उभी असलेली एक चष्मेवाली मुलगी तेवढी हसली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मॅडम दुकानात आल्या. हातात वह्यांचा गठ्ठा होता. त्या आल्या तशा मागे मुलांचा घोळकाही आला आणि रस्त्यापलीकडे गुपचूप उभा राहिला. मॅडमनी एकेक वही उघडून मालकांच्या पुढ्यात ठेवली. प्रत्येक वहीत तीच ओळ होती. वजा तीन x मोठे बारापेक्षा. काहींनी वजा निळ्या शाईने काढला होता, काहींनी काळ्या. एकाने तर पट्टी लावून काढला होता.

"हे तुमच्याकडून आलंय, असं मुलांनीच सांगितलं," मॅडम म्हणाल्या.

मालकांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. "काय करणार मॅडम, मशीन जुनं झालंय. डाग पाडतं. काढून टाकायलाच आलंय."

आजवर मी शिंका सोसल्या, थुंकी सोसली, झुरळे सोसली. पण ही थाप मला सोसवेना. ज्याच्या मिशीचा केस त्यानेच मला डागाळलेले म्हणावे. त्या क्षणी मला त्या माणसाची जेवढी किळस आली तेवढी झुरळांची कधी आली नाही.

मॅडमनी मग एक वही वेगळी काढली. ती बिट्टीची होती. तिच्यात वजा नव्हता.

"तुझं एकटीचं बरोबर आहे," त्या तिला म्हणाल्या. "दुकान तुमचं. मूळ कागद तुमच्याकडे. तू चांगल्या कागदावरून उतरवलंस आणि बाकीच्यांना हे दिलंस, असंच ना?"

"नाही मॅडम. मी स्वतः सोडवलंय."

"ज्यांनी उतरवलं त्या सगळ्यांना मी शून्य देणार आहे. तुझं उतरवलेलं निघालं तर तुलाही. गेल्या वर्षी तू ह्याच भागात पडली होतीस, मला आठवतंय."

बिट्टीने खाली पाहिले. मग तिने एक पाठकोरा कागद ओढला, माझ्या झाकणावर ठेवला आणि म्हणाली, "कुठलंही द्या. इथेच सोडवते."

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि कागदावर लिहिले:

7 − 2x ≤ 15

झाकणातून मला पेनाचा दाब कळत होता. तिने सात पलीकडे नेले. −2x ≤ 8. इथवर ठीक. मग तिने भागले आणि लिहिले x ≤ −4. गेल्या वर्षी जिथे ती पडली होती त्याच खड्ड्यात पुन्हा पाय गेला होता. चिन्ह उलटायचे राहिले होते. मॅडमनी ओठ घट्ट मिटले. मालकांना गणितातले ओ की ठो कळत नव्हते, पण मॅडमचा चेहरा कळला. ते स्टुलावर बसले.

बिट्टीने मात्र पेन खाली ठेवले नव्हते. ती पुटपुटत होती. "वजा चारपेक्षा लहान. म्हणजे वजा पाच घालू. सात वजा दोन गुणिले वजा पाच. सात अधिक दहा. सतरा." ती थांबली. "सतरा काही पंधरापेक्षा लहान नाहीत." तिने आपलीच ओळ खोडली. "चिन्ह उलटायचं राहिलं." तिने लिहिले x ≥ −4, मग शून्य घालून पाहिले, सात पंधरापेक्षा लहान आले, आणि कागद मॅडमकडे सरकवला.

मॅडम त्या खोडलेल्या ओळीकडे बघत राहिल्या.

"पहिल्यांदाच बरोबर आलं असतं तर मी म्हटलं असतं, पाठ करून आली असशील," त्या म्हणाल्या. "स्वतःची चूक अशी पकडता येते ती सोडवणाऱ्यालाच. तुझे गुण तुला मिळतील."

जाता जाता त्या मालकांना म्हणाल्या, "मशीन तेवढं दुरुस्त करून घ्या."

"मशीनला काही झालेलं नाही, मॅडम," बिट्टी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "काच पुसलेली नव्हती. बाबांच्या मिशीचा केस होता तो."

मॅडमनी मालकांकडे पाहिले. मालकांनी मिशीवर हात ठेवला, जणू ती झाकल्याने गोष्ट झाकली जाणार होती. मॅडमनी वह्यांचा गठ्ठा उचलला आणि त्या गेल्या.

त्यानंतर बाप-लेकीचे जे झाले ते ऐकायला मला बरे वाटले नाही.

"चारचौघांत बापाचं नाक कापलंस," मालक म्हणाले.

"चारचौघांत तुम्ही खोटं बोललात. त्या मशीनवर ढकललंत. मला शून्य मिळालं असतं तर तेही मशीनवरच ढकललं असतं का?"

"हे दुकान आहे म्हणून तू शिकतेस."

"म्हणूनच लाज वाटते, बाबा. मी शिकायचं आणि बाकीच्या पोरांनी शिकू नये म्हणून आपण दुकान चालवायचं." मग तिने आवाज खाली आणला. "त्या कागदांना मी आता हात लावणार नाही. तुम्हाला काढायचे तर काढा."

काही दिवस दोघांत फक्त कामापुरते बोलणे होते. मालकीणबाई डबा आणत, दोघांकडे बघत आणि परत जात.

शून्य मिळालेली मुले एके दिवशी दुकानावर चालून आली. आमचे गुण तुमच्यामुळे गेले, असे त्यांचे म्हणणे. का चुकले, हे एकानेही विचारले नाही. ज्याने पट्टी लावून वजा काढला होता तो सगळ्यांत पुढे होता. "हिनेच मुद्दाम केलं. स्वतः बरोबर लिहिलं आणि आम्हाला फसवलं," म्हणत त्याने मला लाथ घातली. माझा खालचा कागदाचा कप्पा मोडून लोंबू लागला. बिट्टी मध्ये आली, तशी दुसऱ्याने तिला ढकलले.

मालक उठले. मी त्यांना कधी इतक्या वेगाने उठताना पाहिले नव्हते. त्यांनी ढकलणाऱ्या मुलाचा हात धरला आणि म्हणाले, "तिने सांगितलं होतं तुम्हाला. जिन्यात येऊन सांगितलं होतं. मी इथून ऐकत होतो. तुम्ही हसलात." त्यांनी हात सोडला. "घाण माझी होती. पण ती तुम्ही डोळे मिटून खाल्लीत. जा आता."

मुले गेली. चष्मेवाली मुलगी तेवढी मागे रेंगाळली. तिलाही शून्य होते. ती बिट्टीला म्हणाली, "मला दाखवशील? तो वजा नाही, हे तुला कसं कळलं?" बिट्टीने तिला खोक्यावर जागा करून दिली.

दोन दिवसांनी फटाफट सर नवी उत्तरे घेऊन आले. मालकांनी कागद हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि परत दिला.

"हे दुसरीकडे न्या, सर."

"का हो? मशीन बिघडलं?"

"मशीन चांगलं आहे," मालक म्हणाले.

मित्रांनो, ग्रंथालयातल्या सगळ्या कौतुकापेक्षा मला ते तीन शब्द मोठे वाटले. मात्र याने जग सुधारले, असे समजू नका. सरांनी पलीकडच्या गल्लीतले दुकान गाठले. तिथे एक नवे, चकचकीत यंत्र होते. रांग तिकडे गेली. आता त्या बिचाऱ्याच्या तोंडावर बाटल्या ठेवल्या जात असतील. आमच्याकडे गिऱ्हाईक रोडावले. मालक कधी कधी रस्त्याकडे बघत बसत आणि उसासा टाकत. पण दुपारी खोक्यांवर बिट्टी, ती चष्मेवाली आणि हळूहळू आणखी दोघी-तिघी बसू लागल्या. माझ्या झाकणावर कागद पसरून त्या भांडत. "चिन्ह उलटव ना." "का उलटवू, अधिकने भागतेय मी." असे भांडण मला तासन्‌तास ऐकायला आवडे.

बिट्टी बीजगणितात सुटली. फार थोर गुण नव्हते, पण तिचे होते. नकाशांच्या शिक्षणासाठी ती दूरच्या शहरात गेली. जाताना तिने बापाला एक आरसा आणून दिला आणि तो भिंतीवर स्वतः ठोकला. तिच्यामागे त्यांनी आपल्या हाताने माझी काच धुतली, त्यांच्या मानाने बरी धुतली.

आता मी काम करत नाही. आतला मुख्य भाग झिजला आणि दुरुस्तीवाल्याने सांगितले की तो आता कुठेच मिळत नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला. मालकांनी त्याला परत पाठवले. कोपऱ्यात उभे राहून मी गिऱ्हाइकांचे हात बघते. पूर्वीइतकीच शिसारी येते.

पण मागच्या महिन्यात एका दुपारी दुकानात कोणी नव्हते. मालकांनी बिट्टीच्या जुन्या कागदांतला एक घेतला. त्यावर एक प्रश्न अर्धवट राहिला होता:

4x − 15 = 2x + 3

ते माझ्यासमोर बसले आणि पेन्सिलीने काहीतरी करू लागले. इतकी वर्षे त्या माणसाने बीजगणिताचे ढीगच्या ढीग माझ्यातून काढले, पण एक ओळ कधी वाचली नव्हती. पहिल्यांदा त्यांचे उत्तर तीन आले. त्यांनी ते घालून पाहिले. जुळले नाही. त्यांनी कागद उलटा केला. खोडाखोड झाली, पेन्सिलीचे टोक मोडले, चहा गार झाला. मग त्यांनी नऊ लिहिले आणि बोटांवर मोजत, ओठ हलवत, दोन्ही बाजू तपासल्या. शेवटी त्यांनी फोन लावला.

"बिट्टे, कामात आहेस का? नाही, घरी सगळं ठीक आहे. ते तुझं एक राहिलं होतं ना, चार x वजा पंधरावालं. नऊ येतात." थोडा वेळ ते ऐकत राहिले. "हो, घालून बघितलं ना. दोन्हीकडे एकवीस."

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. मालकांनी फोन ठेवला आणि चष्मा काढून डोळे पुसले, बाहीने. त्या बाहीबद्दल मी काही बोलणार नाही.

मित्रांनो, मी फार दिवसांचे सोबती नाही, म्हणून एवढेच मागते. जी वस्तू तुमच्यासाठी राबते, ती वापरून झाली की पुसून ठेवा. आणि कोणी कितीही स्वच्छ छापून दिलेले उत्तर असो, ते आपले म्हणण्याआधी त्यात एक आकडा घालून बघा. दोन्ही कामे क्षणाची आहेत, आणि दोन्ही दुसऱ्याने करून भागत नाही.